दार लावण्याआधीची हाक

ही गोष्ट ऐकून पुष्कळ जण हसतात. हसू द्यावं. ज्या बाईवर हा प्रसंग गुदरला ती माझी सख्खी मोठी मावशी. ती हयात आहे आणि तिचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. प्रसंग घडला तेव्हा आवारात निदान वीसेक माणसं हजर होती. त्यांतल्या कुणालाही विचारावं.

आणखी एक. हे रात्री घडलं नाही.

अंधार नव्हता, वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. उन्हाळ्यातली टळटळीत दुपार होती. आवारातलं डांबर चपलांना चिकटत होतं.

आणि मावशी थंडीने काकडत होती…

मावशी फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. पुढच्या शेडमध्ये बायका सफरचंदं निवडायच्या, डागी एका बाजूला, निकोप दुसऱ्या बाजूला. शेडच्या मागे थंड खोल्यांची रांग होती. छतापर्यंत रचलेले क्रेट, हातभर जाड भिंती, तसलीच जाड दारं. दाराला बाहेरून लोखंडी दांडा. आतून उघडण्यासाठी एक खटका आणि धोक्याची घंटा होती. पण दमट थंडीने ती दोन्ही वरचेवर बिघडायची आणि दुरुस्तीवाला ‘उद्या येतो’ म्हणायचा.

म्हणून तिथे एक शिस्त होती.

दार लावणाऱ्याने क्रेटच्या रांगेपर्यंत आत जायचं. मोठ्याने हाक द्यायची, “आत कोणी आहे का?” आणि थांबायचं. हे थांबणंच खरं काम. कारण क्रेटच्या मागे माणूस असेल, तर त्याला हाक उशिरा पोचते आणि त्याचं उत्तर त्याहून उशिरा येतं. उत्तर आलं नाही, तरच बाहेर येऊन दांडा दाबायचा.

तिथे आणखी एक रीत पडून गेली होती. उन्हाळा फार झाला, की हमाल जेवणाच्या सुट्टीत बायकापोरांना बोलावून मागच्या खोलीत गारव्याला बसवायचे. नियमात हे बसत नव्हतं. पण मालक काणाडोळा करायचा आणि मुकादम म्हणायचा, “बसू द्या की. सफरचंदांना बसवतो, माणसांना नको?”

या रीतीनेच घात केला.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिथे हमाल होते. मुकादम त्यांचाच थोरला चुलतभाऊ. नोकरी त्यानेच लावून दिलेली. काकांना दोन मुलं. थोरली मुलगी चुळबुळी, एका जागी ठरायची नाही, तिला सगळे खारू म्हणत. धाकटा गोलमटोल, त्याला भोपळा. तेव्हा शेडमध्ये मावशीला कुणी नावाने हाक मारत नसे. ती सगळ्यांची ‘खारूची आई’ होती.

त्या दुपारी चौघं मागच्या खोलीत बसली होती. मुलांनी पाणी मागितलं. मावशी बाटली भरायला आवारातल्या नळावर गेली. नळ त्या दारासमोरच होता.

बाटली भरता भरता तिच्या पाठीमागे दार लागल्याचा आवाज झाला.

धप्प.

त्याआधी हाक झाली नाही. नळापाशी उभ्या माणसाला ती ऐकू येतेच. तिने रोज ऐकली होती.

ती वळली तेव्हा मुकादम किल्ल्यांचा जुडगा फिरवत निघाला होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि त्याला गाडी गाठायची होती.

“भावजी, हे कुठायत? मुलं?”

“बाहेर पडली असतील. मी हाक मारली ना, आत कोणी नव्हतं.”

मावशीने आपल्या कानांपेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. थोरल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?

मग तिने घर पाहिलं, बाजार पाहिला, नदीकाठ पाहिला, नातेवाइकांची घरं पालथी घातली. सुट्टी संपल्यावर दार उघडलं…

तिघं अगदी मागे, क्रेटच्या आडोशाला होते. काका भिंतीला टेकून बसलेले. दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर. काकांनी स्वतःचा सदरा काढून दोघांवर घातला होता.

चौकशी झाली. मुकादम म्हणाला, मी हाक मारली होती, उत्तर आलं नाही. आता सगळं मावशीच्या एका वाक्यावर अडलं, कारण नळावर तीच होती. जबाबाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई तिच्या पायाशी येऊन बसल्या. “गेले ते परत येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “उरलाय त्याला तरी घालवू नकोस. घरात आता करता पुरुष तो एकच.”

चौकशीच्या साहेबाने विचारलं, “बाई, हाक ऐकलीत?”

“ऐकली,” मावशी म्हणाली.

त्या शब्दाबरोबर तिचं रडणंही आत गेलं ते गेलंच. दोष काकांच्या माथी आला. नियम मोडून मुलांना आत नेणारा बाप! मावशीने तीच नोकरी धरली, त्याच शेडमध्ये. फक्त मागच्या खोलीकडे पाठ करून बसायची जागा मागून घेतली. लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे. ‘खारूची आई’ म्हणायची आता कुणाची छाती नव्हती. हळूहळू ती सगळ्यांचीच ‘मावशी’ झाली.

अशी बरीच वर्षं गेली.

मुकादम निवृत्त व्हायला आला. जाण्याआधी त्याने कामं वाटून दिली. मागच्या खोलीच्या किल्ल्या त्याने मावशीच्या हातावर ठेवल्या.

“भरवशाचं माणूस हवं,” तो म्हणाला. मावशीच्या डोळ्यांकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी ती त्या दाराशी किती वेळ उभी होती, तिचं तिलाच ठाऊक. मग आत गेली. क्रेटच्या रांगेपर्यंत. तिने हाक दिली,

“आत कोणी आहे का?”

आणि थांबली.

छताजवळचे मोठे पंखे घरघरत होते. ते चोवीस तास चालतात, इतके की त्यांचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही.

तो आवाज बंद झाला.

पाती फिरत होती. आवाज नव्हता. कानांत कुणीतरी कापूस कोंबावा तशी शांतता…

आणि क्रेटच्या मागून, खूप उशिरा, एक बारीक उत्तर आलं.

“आहोत…”

मावशी बाहेर कशी आली, तिला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिने शेडमधल्या मैत्रिणीला सोबत नेलं. हिला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे, कारण ती सकाळी सुरू व्हायची ती घरी जाईपर्यंत बंद होत नसे.

“हाक मारायला दोघी कशाला गं?” रेडिओ म्हणाली. “माझा नवरा एका हाकेत दडून बसतो, तुझी सफरचंदं काय पळून जाणारेत?”

“तू फक्त ऐक.”

“मी? मला ऐकायला लावणारी तू पहिलीच.”

मावशीने हाक दिली. दोघी थांबल्या. पंख्यांची घरघर विरली.

“आहोत…”

रेडिओ बंद झाला.

बाहेर येऊन तिने दार ढकललं. दाराला माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक छोटी काच होती. आत पाहायला. दोघींच्या नजरेसमोर त्या काचेवर आतून वाफ धरली. विरली. पुन्हा धरली. काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा, तशी…

वाफेचा डाग लहान होता. लहान मुलाच्या तोंडाएवढा.

त्या उंचीवर मूल पोचणार नाही. कुणीतरी कडेवर घेतल्याशिवाय.

“मावशी,” रेडिओ कुजबुजली, “ही खोली सोडून दे. किल्ल्या फेक त्यांच्या तोंडावर.”

मावशीने किल्ल्या कमरेला खोचल्या. भीती तर होतीच. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी हललं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला ‘आहोत’ म्हणालं होतं.

निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी मुकादम शेडमध्ये आला. बायकांना ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणून म्हणाला, “उद्या तू दोन शब्द बोल. मालकांचीच इच्छा आहे.”

“मी काय बोलणार भावजी?”

“जास्त काही नको. त्या वेळी जे बोललीस तेच. की भावजींनी हाक मारली होती, माझ्या मनात किंतु नाही. अजून काही लोक पाठीमागे कुजबुजतात गं. मला स्वच्छ तोंडाने घरी जायचंय.”

मावशी हातातलं सफरचंद पुसत राहिली. पुसून पुसून त्याची साल फाटली.

म्हणजे ते वाक्य पुन्हा म्हणायचं. या वेळी सगळ्यांसमोर, त्या दारापासून हाकेच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. मालक येऊन बसला. रेडिओने मात्र तोवर मागच्या खोलीची बातमी गेटपासून मशीनरूमपर्यंत पोचवली होती. कुणीतरी चेष्टेने मुकादमाला म्हटलं, “जाता जाता भुताचाही निरोप घ्या म्हणजे झालं.”

सगळे हसले. मुकादमाचा चेहरा कसनुसा झाला.

“भूत कसलं! पाइप वाजतात,” तो ठसक्यात म्हणाला. “गॅस फिरला की वाजतात. इतकी वर्षं मी ऐकतोय.”

मावशीने मान वर केली.

“इतकी वर्षं… तुम्हाला ऐकू येतंय, भावजी?”

तो ताडकन उठला. “चल, दाखवतो. सगळ्यांच्या मनातलं एकदा निघून जाऊ दे.”

तो पुढे, मावशी मागे. बाकीचे खुर्च्यांवरच राहिले. उन्हात कोण येतो? तो दार उघडून आत गेला, तोंडाने बडबडत. “बघ. क्रेट. पंखे. भिंत. आहे कोणी?” बोलत बोलत तो क्रेटच्या मागे दिसेनासा झाला.

मावशी उंबऱ्यावर उभी होती.

दार हलकेच येऊन तिच्या हाताला लागलं. वारा नव्हता. तिने ढकललं नव्हतं. नुसतं टेकलं, एखादं ओळखीचं जनावर टेकतं तसं…

फटीतून तिने, सवयीने, हाक दिली.

“आत कोणी आहे का?”

पंख्यांची घरघर थांबली.

या वेळी उत्तर उशिरा आलं नाही. दाराच्या अगदी जवळून आलं. बारीक नव्हतं. काकांचा आवाज होता, रोजचा, जेवताना मीठ मागावं तसा शांत.

“कोणी नाही. लाव दार.”

मावशीने दांडा दाबला.

हे तिने मला स्वतः सांगितलं आहे. ती कुणावर ढकलत नाही. दांडा तिने दाबला, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. उन्हातला दांडा असून तो बर्फासारखा गार होता. तिचे तळवे चिकटले.

आतून मुकादम धावत आल्याचं कळलं. मग ठोके. मग त्याची हाक. “अगं, मी आहे आत! उघड!”

ती ऐकत राहिली.

ठोके जोरात झाले. मग विस्कळीत झाले. असेच ठोके तिघांनी दिले असतील… तेव्हा ऐकणारं कुणी नव्हतं. आज ऐकणारी होती आणि ती उघडत नव्हती. तिच्या अंगात गोड, जडसं समाधान भरत गेलं. ती म्हणते, तेवढं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

तेव्हा काचेवर वाफ धरली. लहानसा डाग.

“आई…”

खारू होती.

“आई, त्यांनी हाक मारली होती का गं?”

मावशीने कपाळ काचेला टेकवलं.

“तू सांगितलंस ना, हाक ऐकली म्हणून. मग आम्हाला का नाही आली ऐकू?”

शेजारी दुसरा डाग धरला. त्याहून लहान. भोपळ्याचा आवाज रडवेला होता, चूक केल्यावर व्हायचा तसा.

“मी लपलो होतो ना आई… मी लपलो, म्हणून का गं?”

इतकी वर्षं. इतकी वर्षं ते लेकरू त्या गारठ्यात बसून हेच विचारत होतं!

तिने तोंड उघडलं आणि तिच्या आतलं धरण फुटलं.

“नाही रे माझ्या राजा! हाक मारलीच नव्हती! कुणीच मारली नव्हती! मी खोटं बोलले, तुझी आई खोटं बोलली! तुझं काही चुकलं नाही…”

तो आक्रोश मशीनरूमच्या यंत्रांवरून पलीकडे गेला. खुर्च्या पाडत माणसं धावत आली. त्यांना दिसलं ते असं: मावशी दाराला बिलगून कपाळ आपटत होती आणि आत मुकादम ठोकत होता. दोघा हमालांनी तिचे हात दांड्यावरून सोडवले. तळव्यांची कातडी दांड्यालाच राहिली. दांडा वर केला.

दार उघडेना.

चौघं लागले. पहार लावली. मशीनवाला ओरडला, “अरे, आतून कोण धरून बसलंय?”

तेवढ्यात ठोके थांबले. आणि मुकादमाचा आवाज आला, घोगरा, फाटलेला. सगळ्यांनी ऐकला. मालकानेही.

“मारली नव्हती! गाडीची घाई होती… हाक मारली नव्हती मी! सांगितलं आता! सोडा!”

दार अलगद उघडलं. आतल्या बाजूला पाठ टेकून बसलेलं कुणीतरी उठावं, तसं…

मुकादम दाराजवळ नव्हता.

तो अगदी मागे होता. क्रेटच्या आडोशाला, भिंतीला टेकून, मांडी घालून बसलेला. दोन्ही हात पुढे वाकवलेले, मांडीवरचं काही सांभाळावं तसे. दारापाशी ओरडलेला माणूस त्या क्षणात तिथे कसा पोचला, याचं उत्तर कुणाकडे नाही. त्याला उचलायला गेलेल्या हमालाला तो एवढंच म्हणाला,

“हळू. त्यांनी सरकून मला जागा दिलीय.”

मावशीने साहेबांपुढे जाऊन आपला जबाब बदलला. प्रकरण पुन्हा उभं राहिलं. मुकादमाचं वय पाहून त्याला फारशी शिक्षा झाली नाही. मालकाने घंटा नवी बसवली आणि आपण फार मोठं काम केलं असं त्याला वाटलं. मावशी मात्र आमच्याकडे येऊन कित्येक दिवस रडली. माझी आई तिच्या तळव्यांना मलम लावायची आणि तिच्याबरोबर रडायची. आम्हाला वाटलं, सुटली एकदाची.

ती बरी झाली आणि पुन्हा तिथेच कामाला गेली. मागच्या खोलीच्या किल्ल्या तिने मागून घेतल्या. त्या खोलीला हात लावायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले. फाटकाशी एका स्टुलावर मुकादम बसला होता. रणरणत्या उन्हात, अंगावर जाड रग. वॉचमन म्हणाला, रोज दुपारी येतो, त्याच्या अंगात ऊबच धरत नाही. घरच्यांनी डांबून ठेवलं तर भिंतीवर ठोके देत बसतो.

मावशी शेडमध्ये जेवून उठली होती. चांगली भरली होती अंगाने. आता ती दाराकडे तोंड करून बसते.

“मावशी,” मी दबकत विचारलं, “अजून उत्तर येतं का गं?”

“नाही. आता उत्तर येत नाही.”

मला हायसं वाटलं.

“आता तेच विचारतात,” ती म्हणाली.

“काय?”

“भावजी कधी येणार म्हणून.”

शेडमधला पंखा फिरत होता. मला त्याचा आवाज येत होता की नाही, हे आज मला नक्की सांगता येणार नाही.

“मग… तू काय सांगतेस?”

मावशीने पदर झटकला, किल्ल्या कमरेला चाचपल्या आणि माझ्याकडे पाहून हसली. अगदी प्रेमळ.

“लवकरच, म्हणून सांगते.”

ती उठली. दार लावायची वेळ झाली होती. तिकडे फाटकाशी, कुणी हाक मारली नसताना, मुकादम रग सावरत उभा राहत होता…